इंजिनच्या झळीपासून एअर फिल्टरला आडोसा : पत्र्याचे कवच घरी कसे करावे

मे महिन्याच्या भर दुपारी पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट चढणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पुढे मालाने भरलेले ट्रक रांगत असतात, एसी चालू असतो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते आणि ॲक्सिलरेटर दाबूनही ती सकाळसारखी उचलत नाही. या मंदपणाला कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक असे की, इंजिन जी हवा आत ओढते ती त्या वेळी बाहेरून थेट आलेली नसून कंडेन्सर (एसीची पुढची जाळी), रेडिएटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारा तापलेला नळ) यांच्या अंगावरून तापून आलेली असते. हवा तापली की विरळ होते. ३० अंश सेल्सिअसच्या हवेच्या तुलनेत ६० अंशांच्या हवेत, दाब तोच असताना, त्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी वजनाची हवा मावते. म्हणजे ढोबळमानाने दर तीन अंशांमागे एक टक्का हवा कमी पडते. शिवाय पेट्रोल इंजिनमध्ये गरम हवेमुळे नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याचा, धोका वाढतो आणि तो टाळण्यासाठी गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो, त्यामुळे ताकद आणखी थोडी घटते.

फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा उभा करून ही झळ बरीच कमी करता येते. हे काम घरी, साध्या हत्यारांनी आणि दोन सुट्यांच्या दिवसांत नीट होते. मात्र त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. पत्रा उष्णता अडवतो, पण गार हवा आणत नाही. ज्या कोपऱ्यात बाहेरची हवा येण्यासाठी वाटच नाही, तिथे कितीही सुबक कवच बसवले तरी फिल्टर शेवटी इंजिनच्या खोलीतलीच हवा फटींतून ओढणार. म्हणून या लेखात जेथे जेथे ‘कवच’ हा शब्द येईल, तेथे तीन भिंती आणि एक खिडकी असे दोन्ही मिळून समजावे. खिडकीशिवायच्या भिंतींचा उपयोग नाही.

आपल्या गाडीला याची गरज आहे का

कंपनीने दिलेली प्लास्टिकची बंद एअर फिल्टर बॉक्स जागेवर असेल आणि तिची सोंड, म्हणजे हवा ओढणारी नळी, ग्रिलच्या मागे किंवा फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) पोकळीत उघडत असेल, तर बहुतेक गाड्यांत वेगळे कवच करण्याची गरज नसते. प्लास्टिक उष्णता फारसे वाहून नेत नाही आणि सोंडेमुळे हवा बाहेरूनच येते. अशा वेळी सोंड निखळली आहे का, बॉक्सच्या क्लिपा तुटल्या आहेत का आणि मधले रबर फाटले आहे का, एवढे पाहून ते दुरुस्त करणे हेच खरे काम होय. वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी सोंड काढून ठेवली जाते आणि पुन्हा बसवायची राहून जाते, असे मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिले आहे.

गरज पडते ती मुख्यतः शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवलेल्या गाडीला. माझी पेट्रोल गाडी मी जुनी विकत घेतली तेव्हा आधीच्या मालकाने मूळ बॉक्स काढून असा फिल्टर बसवला होता. त्याचा आवाज दमदार येत असे, सकाळी गाडीही चांगली पळत असे. पण साताऱ्यात पोवई नाक्यावर दहा मिनिटे गर्दीत अडकल्यानंतर तीच गाडी मरगळलेली वाटे. उघडा फिल्टर बॉनेटखालची सगळी तापलेली हवा चारही बाजूंनी घेतो, आणि हा दोष फिल्टरच्या गुणवत्तेने भरून निघत नाही.

टर्बो (हवा दाबून इंजिनमध्ये भरणारे यंत्र) असलेल्या गाडीत कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाताना हवा नव्याने तापते आणि पुढे इंटरकूलर तिला परत गार करतो, त्यामुळे कवचाचा फायदा होतो, पण त्यामानाने थोडा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांत मातीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्यांनी तर उघड्या फिल्टरच्या वाटेलाच जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे कंपनीचा कागदी फिल्टर आणि त्याची बंद बॉक्स हेच इंजिनचे खरे संरक्षण आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, केलेला कोणताही बदल वॉरंटीच्या आड येऊ शकतो, हे वॉरंटीची पुस्तिका वाचूनच ठरवावे. मूळ बॉक्स काढलेली असल्यास ती भंगारात न देता माळ्यावर जपून ठेवावी.

उष्णता कोणत्या वाटांनी येते

शाळेत शिकलेले वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द इथे कामाला येतात. कराड किंवा इस्लामपूरकडच्या गुऱ्हाळावर चुलवाणाच्या तोंडासमोर उभे राहिले की चेहरा भाजतो. एखादा माणूस मध्ये येऊन उभा राहिला की ती झळ तत्क्षणी थांबते. हे प्रारण. काहिलीवरची वाफ छपराखाली साचून राहते आणि तेथली सगळी हवाच गरम होते, हे अभिसरण. काहिलीच्या लोखंडी कडीला हात लावला की चटका बसतो, हे वहन.

बॉनेटखाली तिन्ही प्रकार एकाच वेळी चालू असतात. तापलेल्या मॅनिफोल्डकडून येणारे प्रारण एका साध्या चकचकीत पत्र्याने थांबते, कारण स्वच्छ, चकचकीत ॲल्युमिनियम त्यावर पडलेल्या प्रारणाचा फार मोठा भाग परत फेकते. रेडिएटरच्या पंख्याने मागे ढकललेली गरम हवा रोखण्यासाठी मात्र भिंतींच्या कडा बॉनेटला आणि बॉडीला नीट टेकाव्या लागतात. तिथे पत्रा किती चमकतो यापेक्षा फट किती बंद होते हे महत्त्वाचे. आणि वहन रोखण्यासाठी ॲल्युमिनियम हा फार वाईट धातू आहे, कारण ते उष्णता झपाट्याने वाहून नेते. म्हणून कवच इंजिनच्या कोणत्याही भागाला स्पर्श करता कामा नये आणि ते बॉडीला जेथे बोल्टने जोडले जाते तेथे मध्ये रबर असावे.

याच कारणाने इंजिनकडची बाजू काळी रंगवू नये. काळा रंग दिसायला छान असला तरी पत्र्याचा परतवण्याचा गुणच घालवतो. रंगाची हौस असल्यास ती फिल्टरकडच्या बाजूला भागवावी.

आधी मोजमाप

काम सुरू करण्यापूर्वी आजची स्थिती वहीत लिहून ठेवावी. नाहीतर नंतर फरक पडला की नाही हे केवळ मनाच्या समजुतीवर राहते. गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचे, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याचे, सॉकेट असते. त्यात लावायचे छोटे ब्लूटूथ यंत्र घेऊन मोबाइलवर इनटेकच्या हवेचे तापमान पाहता येते. टर्बो गाडीत हा सेन्सर पुष्कळदा इंटरकूलरच्या पुढे असतो, तेव्हा तो फिल्टरजवळचे तापमान दाखवत नाही, हे लक्षात घ्यावे.

मी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटाची चढण यासाठी वापरतो. शहरात पंधरा मिनिटे फिरून गाडी पुरती तापू द्यावी, घाटाच्या पायथ्याशी इंजिन चालू ठेवून पाच मिनिटे थांबावे, आणि मग नेहमीच्या वेगाने वर जावे. थांबलेले असताना आकडा कुठपर्यंत चढतो आणि चालू लागल्यावर किती वेळात कुठपर्यंत उतरतो, या दोन गोष्टी नोंदवाव्यात. आकडे शेजारी बसलेल्याने लिहावेत. चालवणाऱ्याने घाटात मोबाइलकडे पाहू नये. बाहेरचे तापमान, वेळ आणि एसी चालू होता की बंद, हेही लिहावे. कवच बसवल्यावर हीच फेरी त्याच वेळी, शक्य तितक्या सारख्या हवामानात पुन्हा करायची आहे.

पुठ्ठ्याचा साचा

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची ऋण, म्हणजे काळी तार काढून बाजूला बांधून ठेवावी. फिल्टर आणि बॅटरी बहुतेक गाड्यांत शेजारीच असतात आणि पत्रा धन टोकाला व बॉडीला एकाच वेळी लागला तर मोठी ठिणगी पडून आग लागू शकते.

फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा. प्रथम तळ, मग इंजिनकडची भिंत, मग रेडिएटरकडची भिंत असे तुकडे कापून चिकटपट्टीने जोडत जावे. फिल्टरभोवती सर्व बाजूंनी किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, कारण भिंत फिल्टरला चिकटली तर तेवढा भाग हवा घेऊ शकत नाही. भिंत आणि इंजिनचे भाग यांच्यातही निदान २५ मिलिमीटर अंतर हवे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि गिअर टाकताना किंवा गाडी सुरू-बंद होताना ते चांगलेच हलते. मॅनिफोल्डपासून हे अंतर दुप्पट ठेवावे. ब्रेकच्या नळ्या, इंधनाचा पाइप, वायरिंगचे जुडगे आणि पंखा यांच्या आड कवच येत असेल तर कवचाचा आकार बदलावा, त्या वस्तू हलवू नयेत.

बॉनेट बंद केल्यावर भिंतीच्या वर किती जागा उरते, हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातली घट्ट भिजवलेली कणीक घ्यावी. लिंबाएवढे पाच-सहा गोळे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून साच्याच्या वरच्या कडेवर थोड्या थोड्या अंतरावर ठेवावेत आणि बॉनेट हलकेच टेकवून पुन्हा उघडावे. दबलेल्या प्रत्येक गोळ्याची उंची पट्टीने मोजून त्या त्या जागी पुठ्ठ्यावरच लिहावी. माझ्या गाडीत एका टोकाला ३४ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला अवघे ११ मिलिमीटर आले होते. डोळ्यांना मात्र ती कड बॉनेटला समांतर वाटत होती. याच आकड्यांवरून भिंतीची वरची रेषा तिरपी कापावी आणि वर रबराच्या बिडिंगसाठी (कडेवर चढवायच्या पट्टीसाठी) जागा सोडावी.

पत्र्याची निवड

१८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा साधा ॲल्युमिनियमचा पत्रा या कामाला उत्तम. दोन फूट बाय दोन फूट तुकडा बहुतेक गाड्यांना पुरतो आणि त्याचे वजन सव्वा किलोच्या आसपास भरते. सांगलीकरांना कुपवाड आणि मिरज एमआयडीसीच्या परिसरात, सातारकरांना शहरातील एमआयडीसीत किंवा पत्र्याच्या दुकानात असे उरलेले तुकडे वजनावर मिळू शकतात. विकत घेताना ‘वाकणारा, मऊ पत्रा’ असे स्पष्ट सांगावे. यंत्रांच्या भागांसाठी वापरले जाणारे कडक ॲल्युमिनियम काटकोनात वाकवले की बाहेरच्या बाजूने तडकते.

जस्ती पत्रा स्वस्त आणि मजबूत असतो, पण वजनाला सुमारे तिप्पट पडतो आणि कापलेल्या कडेवर पावसाळ्यात गंजतो. त्याला वेल्डिंग तर करूच नये. जस्ताचा धूर विषारी असतो. स्टेनलेस स्टील उष्णता कमी वाहून नेते, म्हणून भिंत नाइलाजाने मॅनिफोल्डच्या जवळ येत असेल तेथे ते योग्य ठरते, मात्र घरच्या हत्यारांनी ते कापणे जिकिरीचे आहे. तेलाच्या डब्याचा पत्रा सरावापुरता ठीक.

काही वस्तू या कामात अजिबात वापरू नयेत. छताखाली लावतात तो बुडबुड्यांचा चंदेरी कागद प्लास्टिकचा असतो, तो बॉनेटखाली वितळतो आणि पेटू शकतो. थर्माकोलचेही तेच. स्वयंपाकघरातली पातळ फॉइल फाटून पट्ट्यात किंवा पंख्यात जाते. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या शीटला तर हातही लावू नये, त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कायमचा आजार देतात.

एका पत्र्याने समाधान होत नसेल तर इंजिनकडच्या भिंतीवर दुसरा पातळ पत्रा, मध्ये पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा राहील अशा रीतीने, नट किंवा वायसरच्या आधाराने बसवावा. मधली हवा हाच उष्णतारोधक होतो. बाजारात मिळणारी ॲल्युमिनियमचा थर दिलेली काचतंतूची चिकट शीटही चालते. ती कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, कारण तिचे तंतू अंगात खाजतात.

कापणे, वाकवणे, जोडणे

पुठ्ठ्याचा साचा उलगडून पत्र्यावर ठेवावा आणि मार्करने रेषा उतरवाव्यात. कापण्याची रेषा आणि वाकवण्याची रेषा वेगवेगळ्या रंगात काढल्यास घोटाळा होत नाही. टोच्याने ओरखडून वाकवण्याची रेषा काढू नये. तो ओरखडाच पुढे चिरेची सुरुवात होतो. जेथे दोन वाकवण्याच्या रेषा एकमेकींना मिळतात, तेथे कापण्यापूर्वी पाच मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे कोपरा फाटत नाही.

सरळ कापासाठी पत्र्याची कातर आणि जाड भागासाठी बारीक दातांची हॅक्सॉ वापरावी. ग्राइंडरचे साधे चाक ॲल्युमिनियमने भरून जाते, तापते आणि फुटण्याचा धोका असतो. रेषेच्या बाहेर एक-दोन मिलिमीटर राखून कापावे आणि उरलेले कानशीने काढावे. कानस ॲल्युमिनियममध्ये लगेच भरते. तिच्यावर आधी पांढरा खडू घासला तर दातांत कण अडकत नाहीत. हे करताना हातमोजे आणि चष्मा असावाच. कापलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते आणि तिचा काप खोल जातो.

वाकवण्यासाठी दोन लोखंडी अँगलच्या मध्ये पत्रा ठेवून ते व्हाइसमध्ये घट्ट आवळावेत, वाकवण्याची रेषा अँगलच्या कडेशी जुळवावी आणि हाताने हळूहळू दाबत आणून शेवटी लाकडी मोगरीने ठोकून कोन पक्का करावा. लोखंडी हातोड्याने पत्र्याला पोचे पडतात. माझा पहिला कोन चुकला तेव्हा मी तो सरळ करू लागलो होतो. ज्यांच्या दुकानात बसून हे चालले होते, ते पत्र्याचे काम करणारे वयस्कर काका म्हणाले, “दादा, ॲल्युमिनियम एकदाच वाकवायचं. उलटं फिरवलंत की तिथंच चीर धरतंय.”

“मग चुकलं तर काय करायचं, काका?”

“पुठ्ठ्यावर चुकायचं की. पुठ्ठा फुकट मिळतोय.”

त्यांच्या सांगण्यावरून मी घरी परत येऊन साचा पुन्हा केला, आणि दुसरा पत्रा पहिल्याच प्रयत्नात बसला.

भिंती एकमेकींना जोडण्यासाठी चार मिलिमीटरचे पॉप रिव्हेट (एका बाजूने बसवता येणारे पोकळ खिळे) दर सात-आठ सेंटिमीटरवर घ्यावेत. दोन्ही पत्रे एकत्र धरूनच भोके पाडावीत. पाइप जाण्यासाठीचे भोक पाइपच्या व्यासापेक्षा १० ते १२ मिलिमीटरने मोठे असावे, कारण पाइप इंजिनबरोबर हलतो आणि कवच बॉडीला बांधलेले असते. उरलेली गोल फट ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याने बंद करावी: तुकड्याला पाइपपेक्षा किंचित लहान भोक पाडून तो पाइपवर चढवावा आणि कडेने कवचाला रिव्हेट करावा. तो पाइपबरोबर हलतो आणि गरम हवाही आत येऊ देत नाही.

सर्व कडांवर खाचेचे रबर बिडिंग बसवावे. याबाबत मी पहिल्या वेळी हयगय केली होती. खालची कड दिसत नाही म्हणून ती तशीच सोडली, आणि दोन महिन्यांनी पाचगणीच्या धुक्यात काचेवर पाणी मारायला गेलो तर पाणीच येईना. पत्र्याच्या कडेने काचेच्या पाण्याची रबरी नळी घासून घासून कापली गेली होती. त्या जागी वायर असती तर काय झाले असते, याचा विचार करून मी त्याच संध्याकाळी संपूर्ण कवच बाहेर काढले.

बसवणे आणि खिडकी

बॉडीला नवी भोके पाडण्याआधी मूळ फिल्टर बॉक्सच्या जागा पाहाव्यात. तिथे बहुधा सहा मिलिमीटरच्या बोल्टांची दोन-तीन ठिकाणे आणि रबरी ग्रोमेट आधीच असतात. त्यांवर कवचाचे पाय बसतील अशा पट्ट्या केल्या तर बॉडीला इजा होत नाही. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलसर हवेत थेट एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून दोन्हींमध्ये रबरी वायसर हवाच. नायलॉनच्या कड्याचे नट वापरावेत. साधे नट इंजिनच्या थरथरीने सैल होतात. पाइप उघडा असेपर्यंत त्याचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद ठेवावे आणि ड्रिलचे काम शक्यतो गाडीपासून दूर करावे. एक धातूचा कीस आत गेला तर केलेल्या सगळ्या कष्टांपेक्षा नुकसान मोठे होईल.

आता खिडकी. तिचे क्षेत्रफळ इनटेक पाइपच्या छेदापेक्षा कमी असू नये, शक्यतो दुप्पट असावे. पाइपचा आतला व्यास ७० मिलिमीटर असेल तर छेद सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर होतो. म्हणजे ८ सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरची खिडकी चांगली. ती ग्रिलकडे किंवा हेडलाइटच्या मागच्या पोकळीकडे उघडावी. मध्ये अंतर पडत असेल तर तीन इंची लवचीक पाइप जोडता येतो. शेतीच्या पंपाचा पीव्हीसी सक्शन पाइप हाताशी असतो, पण तो उष्णतेने मऊ पडतो, तेव्हा रेडिएटरच्या पुढच्या गार भागापुरताच वापरावा. पाइप रेडिएटर किंवा कंडेन्सरच्या तोंडासमोर आडवा येऊ देऊ नये, नाहीतर फिल्टरला गार हवा मिळेल आणि इंजिन तापेल.

खिडकी खरोखर बाहेर उघडते का, हे पाहण्याचा सोपा उपाय आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर कवचाच्या आत पेटता टॉर्च ठेवून बॉनेट बंद करावे आणि समोर उभे राहून ग्रिलमधून पाहावे. उजेड मोकळा दिसला तर हवेलाही वाट आहे. वरची कड बॉनेटला टेकते का, यासाठी बिडिंगवर खडू घासून बॉनेट एकदा बंद करून उघडावे. बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ उमटते. रेघ जेथे तुटते तेथे फट आहे. बॉनेट लावताना जोर लागत असेल मात्र कड उतरवावी, कारण बॉनेटला खालून सतत रेटा देणारे कवच काही दिवसांत त्याचा पत्राच वाकवते.

पाणी

आपल्या सातारा-सांगली जिल्ह्यांत या बाबतीत विशेष जपावे लागते. महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस आडवा येतो, आणि सांगलीत ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी कुठवर चढले ते सर्वांनी पाहिले आहे. खिडकी कधीही बंपरच्या खाली किंवा चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात ठेवू नये. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावेच लागते. मूळ सोंडेचे तोंड ज्या उंचीवर होते, त्यापेक्षा खिडकी खाली आणू नये, हा नियम पाळावा. तळाला सर्वांत खोल जागी आठ ते दहा मिलिमीटरची दोन भोके पाडून ठेवावीत, म्हणजे आत आलेले पाणी साचत नाही. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करता ढकलत बाहेर काढावी आणि आधी फिल्टर काढून पाहावा.

पुन्हा यवतेश्वर

बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू करावे, बॉनेट उघडे ठेवून एकदा रेस करावे आणि इंजिन हलताना कुठे काही लागते का ते पाहावे. मग तीच फेरी तशीच करून वहीतले आकडे शेजारी शेजारी मांडावेत. थांबलेल्या गाडीत तापमान तरीही चढेल. उभ्या गाडीत बॉनेटखालचे सगळेच तापते आणि खिडकीतून येणारी हवाही मंद असते. खरा फरक चालू लागल्यावर दिसतो. आकडा अधिक लवकर उतरायला हवा आणि बाहेरच्या तापमानाच्या अधिक जवळ येऊन स्थिरावायला हवा. इनटेकच्या हवेचे तापमान ६५ अंशांवरून ४५ वर आले, तर इंजिनला साधारण ६ टक्के अधिक हवा मिळते. चढणीवर एवढे पायाला जाणवते. आकडा मुळीच हलला नाही तर कवचाला दोष देण्याआधी खिडकी तपासावी.

मायलेज वाढेल या आशेने मात्र हे काम करू नये. हलक्या पायाने चालवताना चालक थ्रॉटल (इंजिनकडे जाणाऱ्या हवेची झडप) कमी-जास्त करून हवी तेवढीच ताकद घेत असतो, तेव्हा हवा गार असो वा कोमट, इंधनात फारसा फरक पडत नाही. तसेच पाचगणी-महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाबच कमी असल्याने जी ताकद घटते, ती कोणताही पत्रा परत आणू शकत नाही.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत आणि कवचाच्या आजूबाजूच्या प्रत्येक नळीवर व वायरवर घासल्याची चमक दिसते का, ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. पुढे दर सर्व्हिसिंगला हेच करावे. इंजिनकडच्या बाजूवर तेलाचा आणि धुळीचा थर बसला की तिचे परतवणे कमी होते, म्हणून ती साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. फिल्टरला तेल लावण्याचा प्रकार असेल तर तेल बेताचेच लावावे, जास्तीचे तेल हवेच्या सेन्सरवर जाऊन बसते. ऊसतोडीनंतर शिवारातले उंदीर घरांकडे आणि उभ्या गाड्यांकडे वळतात, आणि तीन बाजूंनी बंद असलेला उबदार कोपरा त्यांना घरट्यासाठी आयताच मिळतो. त्या दिवसांत आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून आत पाला, चिंध्या नाहीत ना हे पाहावे. मृगाच्या आधी तळाची दोन्ही भोके तारेने मोकळी करून घ्यावीत.